रेडिएशननंतरच्या एमआरआयवर ‘वाढ’ दिसली. परफ्युजन केल्यावर किती आयुष्य उरलंय ते कळतं का?

सोलापुरातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वडील 56 वर्षांचे. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर आला. मग सहा आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या. रेडिएशन संपून पाच आठवडे झाल्यावर पहिला एमआरआय काढला. वडील चालतात-फिरतात, बोलणं आधीपेक्षा स्वच्छ झालंय, पण रिपोर्टात लिहून आलंय की कॉन्ट्रास्ट घेणारा भाग वाढलाय, ‘प्रोग्रेशन की स्यूडोप्रोग्रेशन, परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी करून पाहावी’. काका म्हणतात गोळ्या बंद करा, उगाच हाल. मामा म्हणतात रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला न्या. बहिणीचं लग्न वैशाखात धरलंय, ते मार्गशीर्षात घ्यावं का असं घरात चाललंय. मुलगा विचारतो, परफ्युजनच्या या नव्या तपासणीतून, म्हणजे गाठीतलं रक्त मोजणाऱ्या एमआरआयमधून, नेमके किती महिने आहेत ते कळेल का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, 22 वर्षं सोलापुरातच एमआरआय वाचतोय. हा प्रश्न मला रिपोर्ट न्यायला आलेल्या माणसांनी कित्येकदा उभ्याउभ्या विचारलाय, पेशंट बाहेर बाकावर बसलेला असताना, आवाज खाली करून. तेव्हा दोन मिनिटांत दिलेलं उत्तर मला स्वतःलाच पुरेसं वाटलेलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. महिने कळणार नाहीत. पण आत्ता जे पांढरं दिसतंय ती गाठ आहे की उपचाराने झालेली जखम, याचा बराच चांगला अंदाज येईल, आणि तुमच्यापुढचा गोळ्यांचा निर्णय त्यावरच अडलाय. गोळ्यांचं काय करायचं ते तुमचे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील, पण या एका रिपोर्टावरून घरच्या घरी बंद करू नका. एवढं पक्कं.

आता का ते सांगतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती बाकी शरीरातल्यापेक्षा फार घट्ट असतात. गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट शिरेतून दिलं तर निरोगी मेंदूत ते वाहिनीबाहेर पडत नाही. भिंत कमजोर असेल तिथे मात्र ते झिरपतं, आणि फिल्मवर तो भाग पांढरा दिसतो. रिपोर्टातलं ‘कॉन्ट्रास्ट घेणं’ म्हणजे एवढंच.

उजनीच्या पाण्यावर शेती असलेल्या माणसाला हे लगेच पटेल. कालव्याला भगदाड पडलं तरी रान ओलं होतं, आणि कुणी चोरून नवा पाट काढला तरी रान ओलं होतं. बांधावरून बघणाऱ्याला दोन्ही ओल सारखीच. रेडिएशनने वाहिन्यांच्या भिंती दुखावतात आणि त्यातून झिरपतं, ही भगदाडाची ओल. गाठ वाढताना स्वतःला पोसायला नव्या वाहिन्या काढते, त्या कच्च्या आणि गळक्या असतात, ही पाटाची ओल. साधा कॉन्ट्रास्ट एमआरआय फक्त ओल दाखवतो. परफ्युजन पाटातलं पाणी मोजतं.

रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत भगदाडाची ओल इतक्या लोकांत दिसते की तिला स्वतंत्र नाव द्यावं लागलं: स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे खोटी वाढ. 2008 मध्ये इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 103 रुग्ण होते, सगळ्यांना तुमच्या वडिलांसारखेच उपचार. 50 जणांच्या रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयवर वाढ दिसली. पुढे काय झालं ते पाहिलं, तेव्हा त्या 50 पैकी 32 जणांची वाढ खोटी निघाली. म्हणजे घाबरून त्या सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या असत्या, तर निम्म्याहून जास्त लोकांचं लागू पडत असलेलं औषध थांबलं असतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. बायोप्सीच्या नमुन्यावर एमजीएमटी नावाची तपासणी होते. हे जनुक ‘मिथायलेटेड’ आलं तर टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं. पहिल्या एमआरआयवर वाढ दिसलेल्यांपैकी 23 जण मिथायलेटेड होते, आणि त्यातल्या 21 जणांची वाढ खोटी होती. बाकीच्या 27 जणांत हे प्रमाण 11 होतं. तुमच्या वडिलांचा एमजीएमटी रिपोर्ट तुम्ही लिहिलेला नाही. झाला असेल तर शोधून काढा. झाला नसेल तर ऑपरेशनच्या वेळचा मेणाचा ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यावर आताही करता येतो. तुमच्या बाबतीत हा एक कागद मला परफ्युजनच्या रंगीत चित्राइतकाच मोलाचा आहे.

म्हणूनच डॉक्टरांचे नियमही बदलले. 1990 पासून जे निकष वापरात होते ते पांढऱ्या भागाची लांबी-रुंदी मोजून निकाल द्यायचे. 2010 मध्ये ‘रॅनो’ निकष आले. त्यांनी सांगितलं की रेडिएशन संपल्यापासून 12 आठवड्यांच्या आत दिसलेली वाढ खरी मानायची असेल तर दोनच गोष्टी चालतील: रेडिएशन दिलेल्या क्षेत्राबाहेर नवी गाठ उगवलेली असावी, नाहीतर बायोप्सीत सिद्ध झालेलं असावं. 2023 च्या सुधारित निकषांत तर रेडिएशननंतरचा हा पहिला एमआरआयच पाया धरलाय, इथून पुढचे सगळे त्याच्याशी ताडायचे. तुमच्या हातात आत्ता जी फिल्म आहे ती निकाल नव्हे, मोजमापाची पहिली खूण आहे.

परफ्युजन कसं करतात ते डोळ्यांसमोर आणा, कारण चुका तिथेच होतात. रुग्ण यंत्रात असतो, दर दीड-एक सेकंदाला संपूर्ण मेंदूचं एक चित्र निघत असतं. तेवढ्यात पंपाने कॉन्ट्रास्ट सोडतात, सेकंदाला चार ते पाच मिली. 60 किलोच्या माणसाला साधारण 12 मिली लागतं, म्हणजे तीन सेकंदांत सगळं आत, मागोमाग सलाइनचा लोट. दंडाला थंडगार वाटतं, बस. कॉन्ट्रास्टची ही लाट मेंदूतून जाताना चित्र क्षणभर काळवंडतं आणि पुन्हा उजळतं. जिथे वाहिन्या जास्त, तिथे काळवंडणं जास्त खोल. हे काळवंडणं आलेखावर खड्ड्यासारखं दिसतं, त्या खड्ड्याचं क्षेत्रफळ म्हणजे तिथल्या रक्ताचं आकारमान. संगणक त्याचा रंगीत नकाशा काढतो, लाल म्हणजे भरपूर, निळा म्हणजे कमी. सगळा खेळ दोन मिनिटांचा.

मग मी माऊस घेऊन पांढऱ्या भागातल्या सगळ्यात लाल जागी छोटा गोल काढतो, दुसरा गोल समोरच्या बाजूच्या निरोगी ‘व्हाइट मॅटर’वर (मेंदूच्या आतल्या, तंतूंच्या भागावर), आणि दोन्हींचं गुणोत्तर घेतो. इथे हात थांबवून बघावं लागतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून एखादी शीर गाठीला चिकटून गेलेली असते. माझा गोल तिच्यावर गेला तर आकडा दुप्पट येतो आणि एका माणसाचा उपचार चुकीच्या दिशेला जातो. ऑपरेशनच्या जागी जुनं रक्त असेल, कवटीला प्लेट-स्क्रू असतील, गाठ नाकामागच्या हवेच्या पोकळीजवळ असेल, तर तेवढा भाग चित्रातून पुसलाच जातो. तिथे निळं दिसलं म्हणून गाठ नाही असं म्हणता येत नाही. आणि कॉन्ट्रास्ट लाटेच्या मधेच वाहिनीबाहेर झिरपत असेल तर खड्डा नीट भरत-उतरत नाही, आकडा खोटा येतो. त्याची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते. 2020 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ही तपासणी कशी करावी याची एकमताची पद्धत जाहीर केली, ती अशा घोळांमुळेच. दोन सेंटरचे आकडे एकमेकांशी ताडू नका असं मी म्हणतो तेही त्यामुळेच.

माझ्या रोजच्या कामात गुणोत्तर एकच्या आसपास किंवा त्याखाली आलं तर मी निवांत होतो. अडीच-तीनच्या पुढे आलं तर गाठ परत आलीय असं बहुतेक वेळा लिहावं लागतं. मधला पट्टा अडचणीचा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा एकाच पांढऱ्या ठिपक्यात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, थोडी मेलेली पेशी, थोडी जिवंत गाठ. म्हणून आकड्यापेक्षा दोन तपासण्यांमधला कल मला जास्त शिकवतो. आज 1.6 आणि सहा आठवड्यांनी 1.1 आलं, तर चांगलं चाललंय. आज 1.6 आणि पुढच्या वेळी 2.4 आलं, तर पांढरा भाग मोजून तेवढाच असला तरी मी फोन उचलून डॉक्टरांशी बोलतो.

काही वर्षांपूर्वी पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार आला होता. रेडिएशननंतर सहा आठवड्यांचा एमआरआय, पांढरा भाग जवळजवळ दुप्पट. दुसरीकडे आधीच सांगून झालं होतं की आता काही उरलं नाही, घरी न्या. बायको तेलुगूत, मुलगा मराठीत, दोघंही एकच विचारत होते. परफ्युजन केलं. नकाशा निळा, कडेला एक बारीक हिरवट रेघ, बाकी काही नाही. त्याच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, सहा आठवड्यांनी परत बोलावलं. पांढरा भाग निम्म्यावर आला होता. त्यानंतर तो दोन वर्षांहून जास्त काळ माझ्याकडे एमआरआयला येत राहिला, दर वेळी फिल्मची पिशवी स्वतः खांद्याला लावून. शेवटी गाठ परत आलीच, ग्लायोब्लास्टोमा बहुधा येतोच, आणि ती रंगीत नकाशावर साध्या फिल्मच्या एक फेरी आधी दिसली. पण मधली दोन वर्षं त्या घराला मिळाली.

आता आयुष्याचा अंदाज. यावर संशोधन झालेलं आहे आणि त्यात तथ्य आहे, म्हणून ते टाळत नाही. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून एक चाचणी केली. उपचारानंतर ग्लायोब्लास्टोमा परत आलेल्या रुग्णांना बेव्हॅसिझुमॅब हे औषध केमोच्या जोडीने दिलं, आणि सुरुवातीला व नंतर प्रगत एमआरआय काढले. बेव्हॅसिझुमॅब वाहिन्यांची गळती थांबवतं. त्यामुळे काही दिवसांतच पांढरा भाग ओसरतो, घरात आनंद होतो. पण रान वाळलं तरी चोरपाट चालूच असू शकतो. 2015 मध्ये त्या चाचणीतले परफ्युजनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध सुरू केल्यावर दोनच आठवड्यांत ज्यांच्या गाठीतलं रक्ताचं आकारमान घटलं, ते न घटलेल्यांपेक्षा जास्त जगले. नुसत्या पांढऱ्या भागाकडे बघून इतक्या लवकर हे सांगता आलं नसतं.

मला हे संशोधन मोलाचं वाटतं ते एका कारणासाठी. औषध महाग आहे, शरीराला त्रास देणारं आहे, आणि ज्याला लागू पडत नाही त्याला ते दोन आठवड्यांत कळलं तर त्याचे पुढचे दोन-तीन महिने आणि घरचे पैसे वाचतात. पण ही चाचणी लहान होती आणि तिचा निष्कर्ष गटाचा आहे: हा गट त्या गटापेक्षा जास्त जगला. या गटातला अमुक माणूस अमुक महिने जगेल, असं ती सांगत नाही. तुमच्या वडिलांची गाठ तर परत आलीय हेच अजून ठरलेलं नाही, त्यामुळे तो आकडा त्यांना लावूच नये.

याच ओघात एक सांगून टाकतो. बेव्हॅसिझुमॅब सुरुवातीपासूनच द्यावं का, यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल 2014 मध्ये आले. दोन्हींत एकूण आयुष्य वाढलं नाही. ‘फिल्म साफ झाली’ आणि ‘आयुष्य वाढलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या क्षेत्राला तेव्हा नीट कळलं.

संगणकाला हजारो चित्रं दाखवून आयुष्य वर्तवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ‘ब्रॅट्स’ नावाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. तिच्यात काही वर्षं हेच काम होतं: ऑपरेशनआधीचा एमआरआय बघून रुग्ण 10 महिन्यांहून कमी, 10 ते 15 की 15 हून जास्त जगेल ते ओळखायचं. फक्त तीन खाने, आणि तरीही उत्तम संघांची उत्तरं 60 टक्क्यांच्या आसपासच बरोबर आली. कुणी सॉफ्टवेअरचा कागद दाखवून महिने सांगायला लागलं तर हे आठवा.

मग महिन्यांचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात? वय, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली, आणि एमजीएमटी व आयडीएच या दोन जनुकांचे रिपोर्ट. आयडीएचमध्ये बदल असेल तर 2021 पासून त्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, तिची चाल संथ असते. तुमच्या वडिलांचे हे दोन्ही रिपोर्ट हातात नसताना कुणी महिने सांगितले असतील तर ते मनावर घेऊ नका.

इंटरनेटवर तुम्ही 14.6 महिने हा आकडा वाचला असेलच. तो 2005 च्या एका चाचणीतला आहे. 573 रुग्ण होते, त्यातल्या रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड दोन्ही मिळालेल्या गटात निम्मे रुग्ण 14.6 महिन्यांहून जास्त जगले, निम्मे कमी. फक्त रेडिएशन मिळालेल्यांत तो आकडा 12.1 होता. दोन वर्षांनंतर गोळ्यांच्या गटातले 26.5 टक्के हयात होते, पाच वर्षांनंतर 9.8 टक्के. एमजीएमटी मिथायलेटेड असलेल्यांना गोळ्या मिळाल्या तर मधला आकडा 21.7 महिने, नसलेल्यांना 12.7. हे आकडे मी लपवत नाही, कारण आजार कठीण आहे आणि तुम्हाला ते माहीत असायला हवं. पण 14.6 ही कुणाची मुदत नाही. आपल्या जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, फार कष्टाचं काम आहे ते. पण अशा नोंदींतून जिल्ह्याला काय लागेल ते कळतं. एका घरातल्या एका माणसाचं त्यातून कळत नाही.

म्हणून लग्नाबद्दल माझं मत, रेडिओलॉजिस्ट म्हणून नाही, अशी कुटुंबं बघितलेला माणूस म्हणून. तारीख परफ्युजनवर ठरवू नका. निळं आलं म्हणून वैशाखापर्यंत थांबलात आणि मधेच फिट आली, अशक्तपणा वाढला, तर मनाला लागून राहील. वडील आज चालतात, बोलतात, बोलण्याचा आनंद घेतात. दोन्हीकडच्या मंडळींना जमत असेल तर मार्गशीर्षात घ्या, घरच्या घरी घ्या, त्यांना अक्षता टाकायला उभं राहू द्या. त्यासाठी कुठल्याच तपासणीची परवानगी लागत नाही. आणि ‘तुमच्यासाठी घाई केली’ असं त्यांना सांगायची गरज नाही. बहुतेक वडिलांना ते न सांगता कळतं.

स्पेक्ट्रोस्कोपीचं थोडक्यात. ती पेशींतली रसायनं मोजते. कोलीन वाढलेलं आणि एनएए घटलेलं म्हणजे गाठीकडे कल, नुसते लिपिड आणि लॅक्टेटचे उंचवटे म्हणजे मृत पेशींकडे. भाग छोटा असला किंवा कवटीला लागून असला तर आलेख इतका खराब येतो की न केलेला बरा. डिफ्युजन नेहमीच्या एमआरआयमध्येच असतं, वेगळे पैसे नाहीत. पेशी दाटीवाटीने असतील तर पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग वेगळा दिसतो. मी तिन्ही एकत्र बघतो. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर ठाम लिहितो, नसतील तर ‘सहा आठवड्यांनी पुन्हा’ असं लिहितो. हे वाचून लोक निराश होतात, टाळाटाळ वाटते. पण भगदाडाची ओल आपोआप आटते आणि पाटाची वाढत जाते. वडील बरे असताना ते सहा आठवडे देता येतात.

पेट स्कॅनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मामा विचारतील. नेहमीचा पेट स्कॅन साखरेचा असतो. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की त्यात गाठ हरवून जाते. मेंदूसाठी अमिनो आम्लाचा पेट जास्त चांगला. पण त्यातल्या मेथिओनिनमधला किरणोत्सर्गी कार्बन दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, तो जिथे बनतो तिथेच वापरावा लागतो. फ्लोरीनवाले पदार्थ 110 मिनिटांनी निम्मे होतात. पुण्याहून निघालेली कुपी चार तासांनी सोलापुरात पोचेपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. परफ्युजन आणि दुसरा एमआरआय दोन्ही करूनही निर्णय होत नसेल तर त्यासाठी मोठ्या शहरात जावं, आधी नाही.

मुंबईला न्यावं का, याचंही उत्तर त्यातच आलं. दुसरं मत जरूर घ्या, टाटामध्ये रोज असे रुग्ण बघणारी माणसं आहेत. पण पहिल्या खेपेला फिल्म आणि सीडी पाठवा, वडिलांना नको. चांगल्या 1.5 टेस्लाच्या (ही चुंबकाची ताकद) यंत्रावर, नीट सुई लावून, नीट वाचलेलं परफ्युजन इथेही पुरेसं होतं. एकच अट, पुढची प्रत्येक तपासणी त्याच यंत्रावर करा.

आणि सुजेच्या गोळ्या. डेक्सामेथासोन वाहिन्यांची गळती कमी करतं, त्यामुळे पांढरा भागही लहान दिसतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका रुग्णाच्या रिपोर्टात ‘गाठ लहान झाली’ असं लिहिलं. घरच्यांनी पेढे वाटले. डोस दहा दिवसांपूर्वी दिवसाला 4 मिलिग्रॅमवरून 16 वर नेला होता, आणि मी ते विचारलंच नव्हतं. तीन आठवड्यांत तो माणूस स्ट्रेचरवर परत आला. तेव्हापासून डेक्साचा डोस मी रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत लिहितो, आणि तुम्हीही तो न विचारता सांगायचा. वडिलांची डोकेदुखी वाढली, उलट्या, झोपाळूपणा, फिट, हातपाय लुळा पडणं यातलं काही झालं तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

येताना पिशवीत ऑपरेशनआधीची सीडी, ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत काढलेल्या एमआरआयची सीडी, आणि आत्ताची. फक्त फिल्म चालत नाहीत, फिल्मवर मला मोजता येत नाही. रेडिएशन कुठल्या तारखेला संपलं तो कागद, आणि जमलं तर रेडिएशनचं क्षेत्र दाखवणारं चित्र, ते विभागाकडे मागितलं की मिळतं. नुकताच तपासलेला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). कवटीत प्लेट-स्क्रू असतील तर ते कशाचे आहेत त्याची नोंद.

सुई वॉर्डातूनच लावून आणणार असाल तर तिचा रंग बघा. केमोनंतर शिरा दमलेल्या असतात, म्हणून सिस्टर दयेपोटी बारीक निळी सुई लावतात, आणि सेकंदाला पाच मिलीचा लोट तिच्यातून जात नाही. मग हळू सोडावं लागतं, लाट पसरट होते, आणि सगळा नकाशा फिका येतो. कोपराच्या घडीत, शक्यतो उजव्या हाताला, गुलाबी किंवा हिरवी सुई हवी. निळी असेल तर तंत्रज्ञाला तिथेच सांगा, बदलून घ्या, आणि मगच वडिलांना आत पाठवा.